परदेशातल्या काका-मामांची मालमत्ता वारशाने मिळाली तर टॅक्स लागतो का? नियम काय, कागद कोणते, जाणून घ्या

दुबईत नोकरी करणारा मोठा भाऊ गेला. न्यू जर्सीतले मामा गेले, त्यांना मूलबाळ नव्हतं. लंडनच्या आत्याने मृत्युपत्रात गावाकडच्या भाच्याचं नाव लिहून ठेवलं. खेड, मंडणगड, दापोली, चिपळूण या भागात अशी घरं आता थोडीथोडकी नाहीत. दहावा-बारावा उरकला की घरात पहिली चर्चा सुरू होते ती पैशाची, आणि दुसरी टॅक्सची. कोणी म्हणतं अर्धे पैसे सरकार घेणार, कोणी म्हणतं काहीच सांगायचं नाही, गुपचूप आणायचे. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि दुसरा जास्त महागात पडतो.

सरळ उत्तर असं की भारतात वारसा कर नाही. पूर्वी होता. १९५३ साली इस्टेट ड्युटीचा कायदा आला होता, माणूस मेला की त्याच्या मालमत्तेवर कर बसायचा. १६ मार्च १९८५ पासून होणाऱ्या मृत्यूंसाठी तो रद्द झाला. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत वारसा कराचा विषय भाषणांतून गाजला, त्यामुळे असा कर सुरू झाला असा अनेकांचा समज झाला. तसा कोणताही कर लागू झालेला नाही. मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने मिळालेली मालमत्ता, मग ती जमीन असो, फ्लॅट असो, बँकेतली रक्कम असो की शेअर, आयकराच्या दृष्टीने तुमचं उत्पन्न धरलं जात नाही. मालमत्ता भारतात आहे की परदेशात, याने फरक पडत नाही. देणारा सख्खा होता की लांबचा, यानेही पडत नाही. मित्राने मृत्युपत्रात दिली तरी कर नाही.

मात्र तीन ठिकाणी पैसे जाऊ शकतात. मृत व्यक्ती जिथे राहत होती त्या देशात, मालमत्तेपासून पुढे मिळणाऱ्या उत्पन्नावर, आणि ती विकल्यावर होणाऱ्या नफ्यावर. आणि चौथं, जिथे सगळ्यात जास्त लोक अडकतात, ते म्हणजे रिटर्नमध्ये न दाखवणं.

वारसा वेगळा, बक्षीस वेगळं

इथे मोठी गल्लत होते. माणूस हयात असताना पाठवलेले पैसे म्हणजे वारसा नव्हे, ते बक्षीस. त्याला वेगळा नियम आहे. वर्षभरात नातेवाईक नसलेल्यांकडून मिळून ५० हजारांच्या वर बक्षीस आलं तर सगळी रक्कम उत्पन्नात धरली जाते, फक्त ५० हजारांच्या वरची नव्हे. नातेवाईकाकडून आलं तर कितीही चालतं. पण नातेवाईक कोण, हे आपण ठरवायचं नाही, कायद्याने ठरवलेलं आहे.

नवरा-बायको, भाऊ-बहीण, नवऱ्याचे किंवा बायकोचे भाऊ-बहीण, आई-वडिलांचे भाऊ-बहीण, आई-वडील, आजी-आजोबा, सासू-सासरे, मुलं-नातवंडं आणि या सगळ्यांचे जोडीदार, एवढे लोक या यादीत बसतात. म्हणजे काका, काकी, मामा, मामी, आत्या, मावशी यांनी पुतण्याला किंवा भाच्याला दिलं तर करमुक्त. आता उलटं बघा. कुवेतमधल्या पुतण्याने गावाकडच्या चुलत्याला घर बांधायला ३ लाख पाठवले. पुतण्या चुलत्याच्या यादीत येत नाही. त्यामुळे ते ३ लाख चुलत्याच्या उत्पन्नात येतात. चुलत भाऊ, मावसभाऊ, आतेभाऊ हेही यादीत नाहीत, मग रक्ताचं नातं कितीही घट्ट असो. खरोखर उसने दिले असतील तर तसा साधा कागद करून ठेवावा आणि परतफेडही बँकेतूनच करावी. पुढे विचारणा झाली तर तोंडी सांगून भागत नाही.

हाच पुतण्या दुर्दैवाने गेला आणि मृत्युपत्राने त्याने चुलत्याला तेच ३ लाख ठेवले असते, तर एक रुपयाही उत्पन्नात आला नसता. नातं तेच, रक्कम तीच, पण नियम दोन. त्यामुळे पैसे आले त्या दिवशीच ते कशाचे, याचा कागद फाइलला लावून ठेवणं गरजेचं आहे.

आखातात कर नाही, पण पैसे गोठतात

संयुक्त अरब अमिराती, सौदी, कुवेत, कतार, ओमान, बहरीन या देशांत वारसा कर नाही. तिथली अडचण कराची नाहीच. माणूस गेल्याचं कळलं की बँक खातं गोठवलं जातं आणि तिथल्या कोर्टाचा वारसांबाबतचा आदेश आल्याशिवाय सुटत नाही. जॉइंट खातं असलं तरी अनेकदा हीच गत होते. त्यामुळे घरखर्चाचे सगळे पैसे तिकडच्याच खात्यात ठेवणं धोक्याचं असतं.

मुस्लिम व्यक्ती गेली असेल तर अमिरातीत वाटणी शरियतप्रमाणे होते. बिगरमुस्लिमांसाठी अमिरातीने फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा कायदा लागू केला आहे. मृत्युपत्र नसेल तर अर्धा हिस्सा जोडीदाराला आणि अर्धा मुलांना समान, मुलगा-मुलगी असा फरक न करता. आपल्याकडे हिंदू वारसा कायद्यात आई पहिल्या वर्गाची वारस आहे आणि तिला सुनेइतकाच हिस्सा मिळतो. वडील दुसऱ्या वर्गात येतात. तिकडच्या या नियमात बायको-मुलं असतील तर आईला काही मिळत नाही. सासू-सुनेचे वाद इथूनच सुरू होतात. दुबई आणि अबुधाबीत बिगरमुस्लिमांना मृत्युपत्र नोंदवण्याची सोय आहे. तिकडे फ्लॅट घेतलेल्या माणसाने ते करून ठेवलं तर मागच्यांचे हेलपाटे वाचतात.

कामगार म्हणून गेलेल्यांची खरी मालमत्ता म्हणजे थकलेला पगार, रजेचे पैसे आणि ग्रॅच्युइटी. अमिरातीत पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार आणि त्यापुढे दर वर्षाला ३० दिवसांचा, असा हिशेब आहे. एकूण रक्कम दोन वर्षांच्या पगारापेक्षा जास्त होत नाही. कामगार मरण पावला तर ही देणी कुटुंबाला दहा दिवसांच्या आत द्यायची, असं तिथला कायदा म्हणतो. कंपनी टाळाटाळ करत असेल तर भारतीय दूतावासाकडे जावं. परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' हे पोर्टल त्यासाठीच आहे, मोबाईलवरूनही तक्रार करता येते. दूतावासामार्फत आलेली भरपाई अनेकदा जिल्हाधिकारी कार्यालयातून वारसांना दिली जाते. तेव्हा तिकडून काही आलंय का, याची चौकशी तिथेही करावी.

जाताना पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीचा शिक्का लागणाऱ्या वर्गातला माणूस असेल, तर त्याचा प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा काढलेला असतो. अपघाती मृत्यूला त्यात १० लाखांचं संरक्षण आहे. घरच्यांना हे माहीतच नसतं, पॉलिसीचा कागद एजंटाकडे राहतो. मुलगा जाण्याआधी त्याचा फोटो काढून घरच्यांच्या मोबाईलमध्ये ठेवा. मृत्यूनंतर मिळणाऱ्या अशा विम्याच्या रकमेवर भारतात आयकर नाही.

अमेरिका आणि इंग्लंडचा हिशेब

अमेरिकेत कायम स्थायिक असलेल्या माणसाच्या मालमत्तेवर केंद्राचा इस्टेट टॅक्स फार वरच्या रकमेला लागतो. २०२६ साली ही मर्यादा दीड कोटी डॉलर आहे, म्हणजे सामान्य नोकरदाराला तो लागत नाही. पण जो तिथला नागरिक नाही आणि स्थायिकही मानला गेला नाही, त्याच्या अमेरिकेतल्या मालमत्तेला फक्त ६० हजार डॉलरची सूट आहे. त्यावर ४० टक्क्यांपर्यंत कर बसू शकतो. घर, जमीन, अमेरिकन कंपन्यांचे शेअर यात येतात, बँकेतल्या साध्या ठेवी सहसा येत नाहीत. भारत आणि अमेरिका यांच्यात या कराबाबत करार नाही. आजकाल इथे बसून मोबाईलवरून अमेरिकन शेअर घेणारी पोरं आहेत. मामाचे शेअर भाच्याने स्वतःच्या नावावर करून तसेच ठेवले, तर उद्या भाच्याच्या वारसांना हीच ६० हजार डॉलरची मर्यादा लागते, हे लक्षात ठेवावं.

केंद्राशिवाय काही राज्यांचा स्वतःचा वारसा कर आहे. मराठी माणसं भरपूर असलेल्या न्यू जर्सीत आहे, शेजारच्या पेनसिल्व्हेनियातही आहे. न्यू जर्सीत जोडीदार, आई-वडील, मुलं यांना तो माफ. भावंडांना पहिले २५ हजार डॉलर माफ आणि पुढे ११ टक्क्यांपासून. पुतण्या-भाच्यांना मात्र १५ टक्क्यांपासून. पेनसिल्व्हेनियात मुलांना साडेचार, भावंडांना १२ आणि बाकीच्यांना १५ टक्के. तिथे भरलेला हा वारसा कर भारतातल्या आयकरातून वजा होत नाही, कारण भारत वारशावर आयकर घेतच नाही. तो गेला तो गेला.

निवृत्तीसाठीच्या खात्यांची, म्हणजे ४०१-के आणि आयआरए यांची भानगड वेगळी. त्यात नाव लावलेल्या परदेशी वारसाला पैसे देताना साधारणपणे ३० टक्के कापून घेतले जातात. जोडीदार नसलेल्या बहुतेक वारसांना दहा वर्षांत खातं रिकामं करावं लागतं. अमेरिकेतलं घर परदेशी वारसाने विकलं तर खरेदीदार विक्रीच्या रकमेतून साधारण १५ टक्के कापून तिथल्या सरकारला भरतो. हिशेबात जास्त गेले असतील तर रिटर्न भरून परत मागता येतात, पण त्यासाठी तिथला करदाता क्रमांक काढावा लागतो.

इंग्लंडमध्ये मात्र वारसा कर सर्वसामान्य घरालाही शिवतो. ३ लाख २५ हजार पौंडांच्या वर ४० टक्के. राहतं घर मुला-नातवंडांना ठेवलं तर आणखी १ लाख ७५ हजारांची सूट, भाचे-पुतण्यांना ती नाही. जोडीदाराला दिलेलं सहसा पूर्ण माफ असतं. हा कर वारसाने आपल्या खिशातून भरायचा नसतो. मृत्युपत्राचा व्यवस्थापक आधी कर भरतो आणि उरलेलं वाटतो. एप्रिल २०२५ पासून तिथला नियम बदलला आहे. मागच्या वीस वर्षांत दहा वर्षं इंग्लंडमध्ये राहिलेल्या माणसाची जगभरातली मालमत्ता हिशेबात येते. त्यात त्याच्या गावाकडच्या आंब्याच्या बागेतला हिस्साही आला. दोन देशांत १९५६ साली झालेला एक जुना करार अजून आहे, भारतातल्या मालमत्तेपुरता त्याचा फायदा होतो का, हे तिथल्या सॉलिसिटरला आवर्जून विचारावं.

सिंगापूरने हा कर २००८ मध्ये काढून टाकला. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये नाही. कॅनडात वारसा कर नाही, पण माणूस गेला त्या दिवशी त्याने सगळी मालमत्ता विकली असं धरून नफ्यावर कर घेतात. रायगडच्या बेने इस्रायली कुटुंबांचे बरेच नातलग इस्रायलमध्ये आहेत, तिथेही वारसा कर नाही. गोव्यातल्या लोकांचा संबंध पोर्तुगालशी येतो. तिथे जोडीदार, मुलं, आई-वडील यांना माफी आहे, भाऊ-बहीण आणि इतरांना १० टक्के मुद्रांक कर.

परदेशातलं घर विकलं तर

मिळालेली मालमत्ता परदेशातच ठेवायला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. परदेशात राहणाऱ्याकडून वारशाने आलेली मालमत्ता ठेवता येते, विकता येते, तिचे पैसे तिकडे गुंतवताही येतात. फेमा कायद्यातच तशी तरतूद आहे. पण तिचं भाडं, व्याज, लाभांश हे भारतात राहणाऱ्या वारसाचं उत्पन्न आहे, पैसे इकडे आणले नाहीत तरी. शेतकऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे ते भारतातल्या जमिनीचं. परदेशातल्या शेतीचं उत्पन्न इथे करपात्र आहे.

विक्रीचा हिशेब असा. समजा, काकांनी २०१२ मध्ये दुबईत ४० लाख रुपयांच्या बरोबरीचा फ्लॅट घेतला. २०२३ मध्ये तो पुतण्याला मिळाला. त्याने २०२६ मध्ये ८० लाखांना विकला. पुतण्याला फुकट मिळाला म्हणून ८० लाख नफा होत नाही. काकांची खरेदी किंमत हीच त्याची किंमत, आणि काकांनी सांभाळलेली वर्षंही त्याचीच धरतात. नफा ४० लाख. त्यावर साडेबारा टक्के, म्हणजे ५ लाख, आणि ४ टक्के सेस धरून ५ लाख २० हजार. २३ जुलै २०२४ पूर्वीच्या घर-जमिनीला महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांचा पर्यायही निवासी व्यक्तीला आहे. सीएकडून दोन्ही आकडे काढून घ्यावेत, जो कमी तो भरावा. घर विकून ठराविक मुदतीत भारतात घर घेतलं किंवा बांधलं तर अटीत बसल्यास सूटही मिळते.

हे सगळं काकांच्या खरेदीच्या कागदावर अवलंबून आहे. तो नसेल तर ४० लाख सिद्ध करायचे कसे? म्हणून घरातले कपडे-भांडी आवरताना तिकडची कागदाची पिशवी आधी शोधा.

परदेशात उत्पन्नावर किंवा नफ्यावर कर भरला असेल तर, करार असलेल्या देशांच्या बाबतीत, तो इथल्या करातून वजा मिळतो. आतापर्यंत त्यासाठी फॉर्म ६७ भरत होते. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, त्यात कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा जुने व्हिडिओ बघून फॉर्म भरू नका.

रिटर्नमध्ये दाखवलं नाही तर १० लाखांचा दंड

भारतात कायम राहणाऱ्या माणसाच्या नावावर परदेशात बँक खातं, शेअर, घर काहीही आलं, तर रिटर्न भरणं बंधनकारक आहे. इथलं उत्पन्न शून्य असलं तरी. फक्त शेती करतो, रिटर्न कधी भरलाच नाही, हे कारण चालत नाही. साधा आयटीआर-१ फॉर्म चालत नाही, आयटीआर-२ किंवा धंदा असेल तर आयटीआर-३ घ्यावा लागतो. त्यात परदेशी मालमत्तेचा वेगळा तक्ता असतो. तो जानेवारी ते डिसेंबर या वर्षाप्रमाणे भरतात, मार्चप्रमाणे नव्हे. डॉलर-दिरहमचे रुपये करताना स्टेट बँकेचा दर धरतात.

नाही दाखवलं तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली दर वर्षाच्या चुकीला १० लाख रुपये दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून थोडी सवलत आहे. घर-जमीन सोडून बाकी परदेशी मालमत्ता मिळून २० लाखांपर्यंत असेल तर हा दंड नाही. फ्लॅट असेल तर सवलत नाही, मग तो कितीही लहान असो. कोणाला कळणार, असं म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. अमेरिकेसह अनेक देश भारतीयांच्या खात्यांची माहिती दरवर्षी आपोआप भारताच्या आयकर खात्याला पाठवतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये खात्याने अशा करदात्यांना मेसेज पाठवायची मोहीमही काढली होती.

एनआरई ठेव आणि नॉमिनी

बऱ्याच जणांचा पैसा तिकडे नसतोच, तो तालुक्याच्या बँकेत एनआरई खात्यात असतो. त्याच्या व्याजावर परदेशात राहणाऱ्याला कर नाही. खातेदार गेला आणि वारस गावात राहणारा असेल तर ती ठेव साध्या निवासी खात्यात जाते. पुढचं व्याज वारसाच्या उत्पन्नात येतं आणि मर्यादेवर टीडीएसही कापला जातो. पासबुकावर नॉमिनी म्हणून ज्याचं नाव, तो मालक नव्हे. बँक पैसे त्याच्या हातात देते, पण वारसांचा हक्क राहतो. भावाच्या ठेवीला नॉमिनी असलेल्याने वहिनीला डावलून पैसे वापरले, तर ती कोर्टात जाऊ शकते.

तलाठ्याचा फेरफार परदेशात चालत नाही

सातबाऱ्यावर वारस नोंद झाली म्हणजे काम झालं, असं आपल्याकडे मानतात. परदेशातली बँक तो फेरफार बघत नाही. तिला कोर्टाचं वारस प्रमाणपत्र किंवा उत्तराधिकार प्रमाणपत्र, मृत्युपत्र असेल तर त्याचा प्रोबेट, आणि बऱ्याचदा तिथल्याच कोर्टाचा आदेश लागतो. परदेशातली घर-जमीन नेहमी त्या देशाच्या कायद्याने जाते, इथल्या कोर्टाच्या निकालाने नव्हे.

मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा म्हणून जन्म-विवाहाचे दाखले, वारसांचे पासपोर्ट किंवा आधार-पॅन, आणि तिकडे कोणी काम बघणार असेल तर त्याच्या नावाचं कुलमुखत्यारपत्र, एवढं जमवावं. मराठी दाखल्यांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. नावात फरक असेल, म्हणजे दाखल्यावर एक आणि पासपोर्टवर दुसरं, तर तो आधी मिटवा, बहुतेक फायली तिथेच अडतात. इंग्लंड-अमेरिकेसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील पुरतं. अमिरातीसाठी मंत्रालयाबरोबर त्यांच्या वकिलातीचा शिक्काही लागतो. पैसे भारतात येताना बँकेला ते वारशाचे आहेत असं लेखी सांगा आणि परकीय चलन आल्याची पावती मागून घ्या. हवाल्याने आणले तर तेच वारशाचे पैसे बेकायदेशीर ठरतात.

वारसा कराच्या नावाने फोन आला तर

लंडनच्या वकिलाच्या नावाने ईमेल येतो. तुमच्या आडनावाचा कोणी श्रीमंत माणूस वारस न ठेवता गेला, कोट्यवधी तुमच्या नावे निघाले, फक्त वारसा कराचे ४० हजार आधी भरा. कधी व्हॉट्सअॅपवर रिझर्व्ह बँकेच्या शिक्क्याचं पत्र येतं. भारतात वारसा करच नाही, त्यामुळे तो भरायला सांगणारा माणूस फसवणूक करतोय हे तिथेच स्पष्ट होतं. रिझर्व्ह बँक कोणाही व्यक्तीचं खातं ठेवत नाही. इंग्लंडचा खरा कर वारशाच्या रकमेतूनच भरला जातो, तो गावातल्या वारसाच्या गुगल-पेवरून मागत नाहीत. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते.